डीएनएच्या उंबरठ्यावरील प्रथिन



घरांत पांच-सहा महिन्यांचें मूल आहे अशी कल्पना करा. जन्मतः तें सुदृढ होतें. बारशाला आलेल्या पाहुण्यांनीं त्याचें कौतुकही केलें. पुढें त्याला खोकला झाला आणि तो हटेना. मग जुलाब सुरू झाले. औषधानें ते थांबले, आठ दिवसांनीं पुन्हां लागले. जिभेवर पांढऱ्या बुरशीचा थर दिसूं लागला. पुसला कीं पुन्हां येतो. मूल वाळत चाललें. आजी म्हणते दृष्ट लागली, शेजारीण म्हणते दांत येत असतील. आणि त्या घरांत पूर्वीं एक मूल असेंच गेलेलें असलें, तर कोणी ना कोणी सुनेच्या पायगुणाचाही उल्लेख केल्यावांचून राहत नाहीं. डॉक्टर रक्त तपासवितात. पाहावें तों पांढऱ्या पेशींची एकूण संख्या जवळजवळ ठीक! शिपाई तर पुरेसे आहेत. मग साध्या जंतूंपुढें हें मूल असें हतबल कां?

अशा मुलांपैकीं थोड्यांच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर एका प्रथिनापाशीं येऊन थांबतें. त्याचें नांव आरएफएक्स. डीएनएच्या एका विशिष्ट जागीं जाऊन चिकटून बसावें, एवढेंच त्याचें काम. पण तें बसलें नाहीं तर शरीराची संरक्षणव्यवस्था आंधळी होते. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. आरंभींच एक खुलासा करतों. हा रोग अतिशय विरळा आहे; साऱ्या जगांतून आजवर वर्णिलेले रुग्ण शेंकड्यांतच मोजावे लागतात. तेव्हां आईबापांनीं मुलाच्या प्रत्येक पडशाकडे या शंकेनें पाहण्याचें मुळींच कारण नाहीं. परंतु या मूठभर मुलांच्या पेशींनीं शास्त्राला जें शिकविलें, तें तुमच्या-माझ्या शरीरांत क्षणोक्षणीं चाललेल्या व्यवहाराविषयींचें आहे.

आपल्या रक्तांत हिंडणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्या एकाच कामाच्या नाहींत. कांहीं पेशी जंतूला गिळून त्याचे तुकडे करतात. कांहीं पेशी प्रतिपिंडें तयार करतात, म्हणजे जंतूला नेमकीं चिकटणारीं प्रथिनें रक्तांत सोडतात. या दोहोंना उत्तेजन देणाऱ्या पेशी तिसऱ्याच. त्यांना सहायक पेशी म्हणतात. नांव नम्र आहे, अधिकार मात्र मोठा. गंमत अशी कीं, ही सहायक पेशी स्वतः जंतूला ओळखूं शकत नाहीं. सबंध जंतु तिच्यासमोरून वाहत गेला तरी तिला त्याचा पत्ता नसतो. जंतु गिळणाऱ्या पेशीनें त्याचा एक बारीकसा तुकडा आपल्या पृष्ठभागावर, एका ठराविक तबकांत मांडून दाखविला, तरच ती जागी होते. पूर्वीं गांवांत चोरी झाली म्हणजे सांपडलेला माल चावडीवर आणून मांडीत आणि मग चौकशीला तोंड लागे. तशांतलाच हा प्रकार. चावडीवर माल आला नाहीं तर चौकशी नाहीं, आणि चौकशी नाहीं तर शिपाई जागचा हलत नाहीं.

हें तबक म्हणजे दुसऱ्या वर्गाचें एचएलए प्रथिन होय. एचएलए हीं अक्षरें पुष्कळांच्या कानांवरून गेलीं असतील. मूत्रपिंडाचें किंवा अस्थिमज्जेचें रोपण करण्यापूर्वीं देणारा आणि घेणारा यांच्या ज्या खुणा जुळवून पाहतात, त्या याच. पहिल्या वर्गाच्या खुणा शरीरांतील बहुतेक सर्व पेशींवर असतात. दुसऱ्या वर्गाच्या मात्र निवडक पेशींवरच. या साऱ्यांचीं जनुकें सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारीं वसलेलीं आहेत.

आणखी एका ठिकाणीं हीं तबकें लागतात. छातीच्या हाडामागें थायमस नांवाची एक ग्रंथि आहे. बालपणीं ती मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. सहायक पेशींची शाळा तेथें भरते. ज्या पेशीला दुसऱ्या वर्गाचें तबक वाचतां येईल, तिलाच सहायक पेशी म्हणून पुढें पाठवावयाचें, असा त्या शाळेचा दंडक आहे. आतां शाळेंत तबकच नसलें तर परीक्षा कशाची घ्यावयाची? सहायक पेशी मग थोड्याच बाहेर पडतात, आणि ज्या पडतात त्यांनाही बाहेर कोणी तबक दाखवीत नाहीं. प्रतिपिंडें करणाऱ्या पेशी हजर असतात, पण त्यांना चेतविणारें कोणी नसतें. दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींमुळें मोजणीचा आंकडा मात्र भरलेला दिसतो, आणि प्रथम सांगितलेलें कोडें उत्पन्न होतें.

इ. स. १९७८ मध्यें फ्रान्समधील टुरेन आणि त्यांचे सहकारी यांनीं प्रतिकारशक्ति क्षीण असलेल्या एका रुग्णाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच्या पांढऱ्या पेशींवर एचएलएच्या नेहमींच्या खुणा सांपडेनात. त्यावरून ‘उघड्या लसीकापेशींचा विकार’ अशा अर्थाचें नांव रूढ झालें. त्या वर्णनांतील उणीव पहिल्या वर्गाच्या खुणांची होती. थोड्याच वर्षांत दुसऱ्या वर्गाच्या खुणा नसलेलीं मुलेंही आढळलीं, आणि त्यांचा आजार अधिक गंभीर होता. पेशीच्या अंगावर वस्त्र नाहीं, ही कल्पना मला फार बोलकी वाटते. पुढें ती किती खोलवर खरी ठरली तें लवकरच येईल.

पहिला तर्क अर्थातच असा होता कीं, तबकाचें जनुकच बिघडलें असेल. पण जनुकें तपासलीं तों तीं धडधाकट! लिहिलेलें सारें शाबूत. फक्त कोणी वाचीत नव्हतें. मग वाचणारा कोठें अडला? या प्रश्नाचा उलगडा प्रथम कुटुंबांच्या अभ्यासानें झाला. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ क्लोद ग्रिसेली यांच्याकडील रुग्ण आणि जिनीव्हा येथील बर्नार माख यांची प्रयोगशाळा यांचा येथें संयोग झाला. प्रत्येक मुलाला आईकडून एक आणि बापाकडून एक असें सहावें गुणसूत्र मिळतें. रोगाचें मूळ त्या गुणसूत्रावर असतें, तर ज्या भावंडांना त्याची तीच जोडी मिळाली त्यांचें नशीबही एकच व्हावयास हवें होतें. परंतु रोगाची वांटणी सहाव्या गुणसूत्राच्या वांटणीशीं जुळेना. म्हणजे दोन भावंडांना तीच जोडी मिळूनही एक निरोगी आणि दुसरें रोगी, असें होऊं शकतें. १९८५ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चोरी सहाव्या गुणसूत्रावर झाली होती, पण चोर दुसऱ्याच गांवचा होता.

येथें जनुक वाचलें जातें म्हणजे काय, हें थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या प्रत्येक पेशींत सुमारें दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला आहे, आणि प्रथिनांची कृति सांगणारीं सुमारें वीस हजार जनुकें त्यावर आहेत. डोळ्याच्या पेशींत तींच, यकृताच्या पेशींतही तींच. कोणतें जनुक कोठें आणि केव्हां वाचावयाचें, याचा निकाल जनुकाच्या अलीकडच्या लहानशा भागावर लागतो. त्याला आपण उंबरठा म्हणूं. त्या उंबरठ्यावर ठराविक अक्षरांच्या खुणा असतात, आणि त्या खुणा ओळखून तेथें येऊन बसणारीं प्रथिनें असतात. तीं बसलीं म्हणजे आंतील मजकूर वाचला जातो. दुसऱ्या वर्गाच्या एचएलए जनुकांच्या उंबरठ्यावर अशी एक खूण आहे. तिला शास्त्रज्ञांनीं ‘एक्स’ म्हटलें आहे.

१९८८ सालीं जिनीव्हाच्या प्रयोगशाळेंतील वाल्टर राइथ, माख आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, निरोगी माणसांच्या पेशींतील एक प्रथिन या एक्स-खुणेला नेमकें चिकटतें, आणि रोगी मुलांच्या पेशींत तें चिकटणें आढळत नाहीं. एक्स-खुणेला चिकटणारा नियामक घटक या अर्थाचें आरएफएक्स हें नांव त्याला मिळालें. डीएनएला बिलगणाऱ्या प्रथिनाच्या उणिवेनें माणसाला जन्मजात रोग होतो, हें असें उघड झालें.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती सोपी होती. पण सगळे रुग्ण एकाच कारणानें आजारी आहेत कशावरून? हें पाहण्यासाठीं संशोधकांनीं एक नामी युक्ति योजिली. दोन निरनिराळ्या रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेंत जोडून त्यांची एकच पेशी केली. एका शेतकऱ्याच्या गाडीचें चाक मोडलें आहे आणि दुसऱ्याच्या गाडीचें जूं; तर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी राहते. दोघांचींही चाकेंच मोडलीं असलीं तर मात्र राहत नाहीं. जोडलेल्या पेशीवर एचएलएची खूण उमटली तर दोघांचे दोष निराळे, न उमटली तर एकच. या कसोटीनें रुग्णांचे चार गट पडले. बाहेरून पाहतां चारी गटांतील मुलें सारखींच आजारी, पण आंत मोडलेला भाग प्रत्येक गटांत वेगळा.

मग एकेक भाग हातीं येऊं लागला. १९९३ सालीं सीटूटीए नांवाचें प्रथिन सांपडलें आणि १९९५ सालीं आरएफएक्स-५. खुणा नसलेल्या पेशींत निरोगी माणसाच्या जनुकांच्या प्रति सोडावयाच्या, आणि असंख्य पेशींतून जिच्यावर खूण परत उमटली ती पेशी निवडून काढून तिच्यांत कोणतें जनुक गेलें तें शोधावयाचें, अशी या दोन्हीं शोधांची रीत होती. गवताच्या गंजींत सुई शोधण्याहून हें काम अवघड. फक्त येथें सुई आपण होऊन चमकते, एवढी सोय. आरएफएक्स-एपी १९९७ मध्यें आणि आरएफएक्स-अँक १९९८ मध्यें ओळखलें गेलें. तीं दोन्हीं प्रथिनें आरएफएक्सचा संच शुद्ध करून त्यांतून मिळविलीं. या चौघांचीं जनुकें अनुक्रमें सोळाव्या, पहिल्या, तेराव्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहेत. सहावें या यादींत कोठेंच नाहीं. १९८५ चा तर्क असा पुरा खरा ठरला.

आतां मूळच्या आरएफएक्सचें रहस्य कळलें. तें एक प्रथिन नसून तिघांचा संच आहे. त्यांपैकीं आरएफएक्स-५ या प्रथिनांत ६१६ अमिनो आम्लांची माळ आहे, आणि तिच्या एका भागाला पंख असलेल्या मळसूत्रासारखा आकार आहे. हाच भाग डीएनएला स्पर्श करतो. याच घराण्यांतील आरएफएक्स-१ या प्रथिनाचें डीएनएला बिलगलेल्या स्थितींतील चित्र २००० सालीं स्फटिकांवरून काढण्यांत आलें. त्यांत असें दिसलें कीं, या आकाराचीं इतर प्रथिनें मळसूत्राचा भाग डीएनएच्या खांचेंत घालतात, पण हें घराणें त्या कामीं मुख्यतः पंखाचा उपयोग करतें. मात्र आरएफएक्स-५ एकट्यानें एक्स-खुणेवर टिकत नाहीं. दुसऱ्या दोघांनीं हात दिला तरच त्याचें बूड तेथें ठरतें. इतकेंच नव्हे, तर शेजारच्या खुणांवर बसणारीं प्रथिनेंही परस्परांच्या आधारानेंच बसतात. आरएफएक्स न बसणाऱ्या रुग्णांच्या जिवंत पेशींतील हा उंबरठा १९९१ सालीं तपासला, तेव्हां तो सबंध मोकळा दिसला; ज्या प्रथिनांत कांहींच दोष नव्हता तींही तेथें फिरकलीं नव्हतीं. बाहेर पेशी उघडी, आणि आंत उंबरठाही उघडा!

सीटूटीएची तऱ्हा याहून वेगळी. तें डीएनएला स्वतः शिवत नाहीं. आपल्याकडे पंगतींत पाट मांडले, पानें वाढलीं, तरी यजमान येऊन बसल्याखेरीज जेवणास आरंभ होत नाहीं. आरएफएक्सचे तिघे पाट मांडणारे, सीटूटीए यजमान. पाट नसतील तर यजमान बसणार कोठें? आणि यजमानच आला नाहीं तर मांडलेले पाट रिकामे. या व्यवस्थेंत एक मोठा हिशेब आहे. पाट मांडणारे तिघे शरीराच्या जवळजवळ सर्व पेशींत हजर असतात. सीटूटीए मात्र ज्या पेशींनीं तबक दाखवावयाचें त्यांतच सहज आढळतें, किंवा संसर्गाच्या वेळीं गॅमा इंटरफेरॉन या निरोप्याचा सांगावा आला म्हणजे इतरत्र उत्पन्न होतें. त्यामुळें तबक कोणत्या पेशीवर आणि केव्हां दिसावें याची किल्ली एकाच्याच हातीं राहते. हा कारभार आपणां सर्वांच्या शरीरांत चालतो, आणि तो कळला तो बव्हंशीं या आजारी मुलांच्या पेशींमुळें.

किती सूक्ष्म बिघाड पुरतो याचें एक उदाहरण २००२ सालीं प्रसिद्ध झालें. जुळ्या भावांत हा विकार सौम्य स्वरूपांत आढळला होता. आरएफएक्स-५ च्या माळेंतील १४९ व्या जागीं आर्जिनीन असावयास पाहिजे, तेथें ग्लुटामीन आलें होतें. ६१६ मण्यांतील एक मणी बदलला; पण तो नेमका डीएनएला बिलगणाऱ्या भागांतला.

आतां घरच्या प्रश्नाकडे वळूं. हा दोष उघड होण्यास आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली अशा जनुकाच्या दोन्हीं प्रति बिघडलेल्या असाव्या लागतात. एकच प्रत बिघडलेली असली तर माणूस जन्मभर निरोगी राहतो आणि त्याला त्याची वार्ताही नसते. असे दोन वाहक विवाहबद्ध झाले तर प्रत्येक गरोदरपणीं चारांत एक या प्रमाणांत मूल रोगी होण्याचा संभव असतो. म्हणजे दोष निम्मा आईकडचा आणि निम्मा बापाकडचा. काडीमात्र कमी नाहीं, जास्त नाहीं. पायगुणाची भाषा करणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा.

वधूवर एकाच रक्ताचे असले तर बिघडलेली तीच प्रत दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो. उत्तर आफ्रिकेंतील अनेक कुटुंबांत आरएफएक्स-अँकच्या जनुकांतून २६ अक्षरें गळालेलीं आढळतात. एका जुन्या पूर्वजापासून आलेला हा वारसा जवळच्या नात्यांतील विवाहांमुळें पुनःपुन्हां उघडा पडला. आपल्याकडे मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल कित्येक जातींत चालत आलेली आहे. चुलत, मामे, आते भावंडांत सुमारें एक-अष्टमांश जनुकें समान असतात. अशा बहुसंख्य जोडप्यांचीं मुलें निरोगीच निपजतात, हेंही खरें; पण एखाद्या घरांत लहान मूल वारंवारच्या संसर्गानें गेलें असेल, तर त्याच कुळांत पुन्हां सोयरीक जुळवितांना ही गोष्ट विचारांत घेतली पाहिजे असें माझें मत आहे. रोग आपल्या देशांत नाहीं असें नव्हे. मुंबईस परळ येथील राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनीं २०१८ सालीं अशा पांच भारतीय रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें आहे.

निदान कठीण नाहीं. शंका येणें कठीण आहे. पांढऱ्या पेशींवर दुसऱ्या वर्गाची खूण आहे कीं नाहीं, हें चकाकणारा रंग जोडलेल्या प्रतिपिंडानें आणि लेसर-किरणांच्या यंत्रानें थोड्या रक्तावरून कळतें. परंतु तें मुद्दाम पाहावें लागतें. कित्येक देशांत नवजात अर्भकाच्या टांचेंतील थेंबभर रक्तावरून तीव्र प्रतिकारहीनता शोधण्याची पद्धत आहे. पण ती कसोटी थायमसमधून नव्या पेशी निघतात कीं नाहीं एवढेंच पाहते. या मुलांत दुसऱ्या जातीच्या पेशी निघत असतात, म्हणून तीं बहुधा त्या चाळणींतून सुटतात. शिवाय लशीचा प्रश्न आहे. बीसीजी आणि तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस यांत जिवंत जंतु किंवा विषाणु असतात. निरोगी बालकांना त्या अवश्य द्याव्या. प्रतिकारशक्तीचा असा दोष असलेल्या मुलाला देऊं नयेत. पूर्वीचें भावंड तान्हेपणीं संसर्गानें गेलें असेल तर नव्या बाळाला लस टोंचण्यापूर्वींच तें डॉक्टरांच्या कानीं घालावें.

उपचार न झाला तर हीं मुलें बहुधा बालपणींच दगावतात. प्रतिपिंडें शिरेवाटे देऊन आणि जंतुनाशक औषधें चालू ठेवून काळ काढतां येतो. खरा उपाय म्हणजे निरोगी माणसाची अस्थिमज्जा रोपणें. तिच्यांतून तबक असलेल्या नव्या पेशी उपजतात. मात्र थायमसचें अस्तर मूळचेंच राहतें आणि त्यावर तबकें येत नाहींत; म्हणून रोपण साधल्यावरही सहायक पेशींची संख्या पुष्कळदां कमीच राहते. जितक्या लवकर आणि जितक्या कमी संसर्गांनंतर रोपण होईल तितका गुण अधिक. आणि बिघडलेलें जनुक एकदां नेमकें सांपडलें म्हणजे पुढील गरोदरपणीं आरंभींच गर्भाची तपासणीही करतां येते.

मज्जा देणारा शोधतांना पुन्हां तीच १९८५ ची गोष्ट पुढें येते. उत्तम दाता म्हणजे ज्याला सहाव्या गुणसूत्राची तीच जोडी मिळाली आहे असें सख्खें भावंड. रोगाचें मूळ जर त्याच गुणसूत्रावर असतें, तर जुळणारें भावंड स्वतःही रोगीच निघालें असतें. तें दुसरीकडे असल्यामुळें भाऊ किंवा बहीण खुणांनीं तंतोतंत जुळणारी आणि तरीही निरोगी असूं शकते. ती वाहक असली तरी अडचण येत नाहीं. फक्त रोगी मुलाच्या पेशींवर दुसऱ्या वर्गाच्या खुणा दिसतच नाहींत, म्हणून त्याच्या खुणांची जुळणी पेशीवरून न करतां डीएनए वाचून करावी लागते.